गुप्तदानाचा हिशेब: डिजिटल रोखीत ग्राहकाचं नाव झाकायचं कसं

देवळातली दानपेटी उघडतात तेव्हा पंच समोर बसलेले असतात. नोटा मोजल्या जातात, रक्कम वहीत चढते, बँकेत भरली जाते. देवस्थानाला किती मिळालं ते गावाला कळतं. पण घडी घातलेली ती पन्नासाची नोट कोणी टाकली, हे पुजाऱ्यालाही सांगता येत नाही. घेणारा उघड, देणारा झाकलेला. डिजिटल पैशात हे जमतं का? जमतं, आणि कसं जमवायचं ते १९८२ पासून ठाऊक आहे. आपल्या फोनमधल्या रोजच्या अ‍ॅपमध्ये मात्र ते नाही.

मी या वाटेला लागलो ते एका मेडिकलच्या दुकानामुळे. वडिलांसाठी शुगरच्या गोळ्या घेतल्या, यूपीआयने पैसे दिले, नंबर कोणाला सांगितला नाही. चार दिवसांनी व्हॉट्सअ‍ॅपवर 'डायबेटिक पेशंटसाठी खास सवलत' येऊन पडली. माझा यूपीआय आयडी म्हणजे माझा मोबाइल नंबरच होता, हे तेव्हा डोक्यात शिरलं. शंभराच्या नोटेने असला उद्योग कधी केला नव्हता.

पुढे लिहिलंय ते अगदी नवख्या माणसासाठी. प्रोग्रामिंग यायची गरज नाही. गुणाकार-भागाकार आणि अर्धा तास पुरे.

पहिली पायरी: कोणापासून लपायचं ते ठरवा

'निनावी' हा शब्द मोघम वापरला की फसगत होते. ८० रुपयांची भाजी यूपीआयने घेतली तर कोणाकोणाला काय कळतं, ते एका कागदावर लिहून काढा. भाजीवाल्याला तुमचं नाव दिसतं, कधी आयडीतून नंबरही. तुमच्या बँकेला कळतं पैसे कोणाला गेले, त्याच्या बँकेला कळतं कोणाकडून आले. मधे एनपीसीआय, म्हणजे यूपीआय चालवणारी संस्था आहे, ज्याचं अ‍ॅप वापरलं ती कंपनी आहे. आणि नंतर तुमचं पासबुक जो कोणी वाचेल तो: कर्ज देणारा, सीए, घरातली माणसं.

यातल्या प्रत्येकासाठी औषध वेगळं. पासबुक वाचणाऱ्यापासून लपणं सोपं, दुकानदारापासून थोडं अवघड, आणि खुद्द बँकेपासून लपायचं तर आजच्या यूपीआयमध्ये मार्गच नाही. त्याला पैशाची घडणच वेगळी लागते.

जाता जाता एक गैरसमज काढून टाकू. बिटकॉइन निनावी नाही. त्याची खातेवही सगळ्या जगाला वाचायला उघडी आहे. नावाऐवजी पत्ता असतो इतकंच. एकदा तो पत्ता तुमचा आहे असं कळलं की मागचे-पुढचे सगळे व्यवहार उघडे पडतात.

दुसरी पायरी: 'आंधळी सही' कागदावर करून पाहा

अडचण अशी आहे. डिजिटल नोट म्हणजे शेवटी एक नंबर आणि त्यावर बँकेची सही. बँकेने नंबर पाहून सही केली की तो तुमच्या नावापुढे लिहून ठेवता येतो. दुकानदाराने तीच नोट भरली की बँक वही उघडून म्हणणार, अरे, ही तर जोशींची.

डेव्हिड चॉम या अमेरिकी संशोधकाने १९८२ मध्ये यावर तोड काढली, आणि ती समजावण्यासाठी कार्बन पेपरचं उदाहरण दिलं. गणपतीच्या वर्गणीचं पावती पुस्तक ज्याने लिहिलंय त्याला हे सांगावं लागणार नाही. नंबर लिहिलेली चिठ्ठी कार्बनसकट पाकिटात घालून पाकीट बंद करायचं. बँक पाकिटावर सही करते, कार्बनमुळे ती आतल्या चिठ्ठीवर उमटते. घरी येऊन पाकीट फाडायचं. चिठ्ठीवर बँकेची अस्सल सही आहे, पण चिठ्ठीवर काय लिहिलंय ते बँकेने पाहिलेलंच नाही.

आता हेच आकड्यांत. बँकेचा आकडा ३३, जाहीर किल्ली ३, गुप्त किल्ली ७. नियम एकच: प्रत्येक उत्तराला ३३ ने भागायचं आणि फक्त बाकी ठेवायची.

तुम्ही मनात नोटेचा नंबर धरला ५. झाकायला आणखी एक आकडा घेतला, २. जाहीर किल्ली ३ आहे, म्हणून २ × २ × २ = ८. मग ५ × ८ = ४०, बाकी ७. हा ७ म्हणजे बंद पाकीट. तो बँकेकडे पाठवा.

बँक त्यावर गुप्त किल्ली चालवते: ७ चा सातवा घात ८,२३,५४३, बाकी २८. तुमच्या खात्यातून नोटेचे पैसे वळते करून ती २८ परत देते.

तुम्ही झाकणाचा आकडा काढून टाकता: २८ ÷ २ = १४. ही झाली ५ या नंबरवरची बँकेची सही. दुकानदार जाहीर किल्लीने तपासतो: १४ × १४ × १४ = २,७४४, बाकी ५. जुळलं.

बँकेने काय पाहिलं? ७ आणि २८. दुकानदाराकडून तिच्याकडे काय आलं? ५ आणि १४. सही आपलीच आहे हे ती ओळखते, पण ती कोणाच्या पाकिटातून गेली होती हे सांगू शकत नाही. माझ्याकडे हे पहिल्यांदा कागदावर जुळलं तेव्हा मी शेजारच्यांना बोलावून दाखवलं होतं. (भागाकार असा सरळ व्हावा म्हणून आकडे मुद्दाम निवडलेत. खऱ्या व्यवहारात ३३ च्या जागी सहाशेहून जास्त अंकांची संख्या असते. ३३ ची गुप्त किल्ली तर शाळकरी पोरही शोधेल.)

दोन शंका लगेच येतात. ५ आणि १४ ची नक्कल करून दोन दुकानांत दिली तर? बँक खर्च झालेल्या नंबरांची यादी ठेवते, दुसऱ्यांदा आलेली नोट नाकारते. म्हणून दुकानदाराने माल देण्याआधी ऑनलाइन तपासायचं. आणि पाकिटात काय आहे ते दिसत नसताना शंभराच्या भावात पाचशेची नोट सही करून घेतली तर? त्यासाठी प्रत्येक मोलाच्या नोटेला वेगळी किल्ली असते. शंभराच्या किल्लीने सही झाली की ती शंभराचीच, आत काहीही लिहिलेलं असो.

तिसरी पायरी: हे आज कुठे मिळतं ते पाहा

चॉमने अ‍ॅमस्टरडॅममध्ये डिजिकॅश नावाची कंपनी काढली. १९९५ मध्ये अमेरिकेत सेंट लुइसच्या मार्क ट्वेन बँकेने तिची ई-कॅश ग्राहकांना दिली. १९९८ मध्ये कंपनीचं दिवाळं निघालं. लोकांनी क्रेडिट कार्ड पसंत केलं.

आज याच विचारावर उभं असलेलं आणि वापरता येण्यासारखं काम म्हणजे ग्नू टेलर. हे मुक्त सॉफ्टवेअर आहे, ख्रिश्चन ग्रोथॉफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रचलेलं. २०२१ मध्ये चॉम, ग्रोथॉफ आणि स्विस नॅशनल बँकेचे थॉमस मोझर यांनी मिळून मध्यवर्ती बँकेला असं चलन कसं काढता येईल यावर एक निबंध लिहिला. तो त्या बँकेनेच प्रसिद्ध केला. २०२५ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये स्विस फ्रँकच्या रूपात टेलर प्रत्यक्ष सुरू झालं. तिकडे राहणारा कोणी मराठी माणूस हे वाचत असेल तर त्याला खऱ्या पैशात करून पाहता येईल. आपण खेळण्यातल्या पैशावर भागवू.

टेलरमध्ये नाणी पाडणाऱ्या संस्थेला एक्स्चेंज म्हणतात. मी तिला टांकसाळ म्हणतो, डोक्यात नीट बसतं. टांकसाळीला दोन गोष्टी कळतात: कोणी किती पैसे नाण्यांत बदलून नेले, आणि कोणत्या दुकानाला किती मिळाले. मधला धागा तिच्याकडे नसतो. दुकानदाराला मिळालेलं बँक खात्यातच येतं, म्हणजे त्याचा कर चुकत नाही. आपल्या जुन्या सराफीत शाहजोग हुंडी असायची. ती कोणाच्याही हातून फिरली तरी पैसे मिळायचे बाजारात पत असलेल्या 'शहा'मार्फतच, म्हणजे काही काळंबेरं निघालं तर कोणाला दिले ते सापडावं. टेलरचा कल तसाच आहे: घेणाऱ्याचा माग राहतो, देणाऱ्याचा नाही.

चौथी पायरी: खोट्या पैशाने खरी खरेदी

डेमो डॉट टेलर डॉट नेट या संकेतस्थळावर सरावाची सोय आहे. तिथलं चलन 'कुडोस', त्याला बाजारात किंमत शून्य.

आधी वॉलेट घ्या. फायरफॉक्स आणि क्रोमसाठी एक्स्टेन्शन आहे, अँड्रॉइडसाठी अ‍ॅप आहे, ते एफ-ड्रॉइड या मुक्त अ‍ॅपच्या दुकानातूनही मिळतं. वॉलेट उघडताना नाव, नंबर, ईमेल काही विचारत नाही. मला पहिल्यांदा वाटलं काहीतरी करायचं राहिलं.

मग डेमो बँकेत खातं उघडा. इथे नाव लागतं, कारण बँक तुम्हाला ओळखणारच. मनाला येईल ते नाव द्या. पैसे काढायची रक्कम भरा. वॉलेट टांकसाळीच्या अटी दाखवेल, त्या मान्य करा, परत बँकेत जाऊन व्यवहार पक्का करा. थोड्या वेळात नाणी वॉलेटमध्ये येतील. तुमच्या कागदावरचा ७ गेला आणि २८ परत आला, तो हाच क्षण. सगळं पडद्याआड होतं.

आता तिथल्या निबंध विकणाऱ्या दुकानात जा, एखादा निबंध निवडा. वॉलेट करारनामा दाखवेल: कोण विकतंय, काय, कितीला. 'हो' म्हणा, लेख उघडेल. दुकानाने तुमचं नाव विचारलं का? नाही. आता बँकेतल्या खात्याचा उतारा पाहा. तिथे टांकसाळीला पैसे गेल्याची एकच ओळ दिसेल, निबंधाचा उल्लेख नसेल.

सुट्ट्या पैशाची गंमत इथेच सांगतो. दहाचं नाणं देऊन तीनची वस्तू घेतली तर त्याच नाण्यावर सात उरतात. उद्या ते सात दुसरीकडे खर्च केले तर दोन्ही खरेद्या एकाच माणसाच्या, हे टांकसाळीला कळेल. म्हणून वॉलेट ते उष्टं नाणं आपणहून परत देऊन कोरी नाणी घेतं, तीही आंधळ्या सहीनेच. यात कोणी लबाडी करू नये म्हणून वॉलेटला पाकिटांचे तीन संच द्यावे लागतात. टांकसाळ त्यातले दोन उघडून तपासते आणि तिसऱ्यावर सही करते. कोणते दोन उघडेल ते आधी कळत नाही. आंब्याच्या पेटीतले कुठलेही दोन उचलून पाहावेत तसं.

पाचवी पायरी: सवयी सुधारा, कारण गळती गणितात नसते

हा भाग सावकाश वाचा. वरचं गणित कितीही पक्कं असलं तरी माणूस आपल्या चालीवरून ओळखू येतो.

समजा तुम्ही दुपारी २ वाजून १० मिनिटांनी ४३७ काढले आणि २ वाजून १२ मिनिटांनी एका दुकानाकडून टांकसाळीकडे ४३७ आले. नाण्यावर नाव कशाला हवं? आकडा आणि वेळच बोलतात. म्हणून खरेदी समोर आल्यावर पैसे काढायचे नाहीत. महिन्याच्या सुरुवातीला गोल रक्कम काढा, ५०० किंवा १,०००, आणि ती वॉलेटमध्ये मुरू द्या. आजोबा पेन्शनच्या दिवशी पैसे काढून कपाटात ठेवायचे, अगदी तसं.

दुसरी गोष्ट गर्दीची. सकाळी नऊला दादरच्या पुलावर तुम्हाला कोणी शोधू शकत नाही. आडगावच्या एसटी थांब्यावर एकटे उभे असाल तर मफलर गुंडाळून काय होणार? त्या मोलाची नाणी त्या काळात जितक्या जणांनी घेतली असतील तितकीच तुमची गर्दी. ज्या टांकसाळीचे मोजकेच ग्राहक आहेत, तिथे फार विश्वासाने वावरू नका. मोठ्या मोलाची नाणी थोडेच लोक घेतात, त्यामुळे मोठी रक्कम छोट्या रकमेपेक्षा नेहमीच जास्त उघडी असते.

तिसरी मला सर्वात उशिरा कळली. खरेदी झाली की वॉलेट सुट्ट्या पैशासाठी लगेच टांकसाळीशी बोलतं, असं वर म्हटलं. त्या वेळी टांकसाळीला तुमचा आयपी पत्ता, म्हणजे तुमच्या इंटरनेट जोडणीचा नंबर, दिसतो. पैसे काढताना घरचं वाय-फाय होतं आणि आताही तेच आहे, तर दोन टोकं जुळवायला फार हुशारी लागत नाही. ज्याला खरंच गरज आहे, म्हणजे बातमीदार, किंवा घरातल्या छळातून बाहेर पडू पाहणारी एखादी बाई, त्यांनी टॉरमधून, म्हणजे आपला आयपी पत्ता झाकणाऱ्या जाळ्यातून जावं. अँड्रॉइडवर त्यासाठी ऑरबॉट नावाचं अ‍ॅप आहे. बाकीच्यांनी निदान हे माहीत असू द्यावं.

चौथी अगदी साधी. वस्तू घरपोच मागवली की पत्ता दिलाच. ई-पुस्तक, लेख, देणगी यात निनावीपण टिकतं. कुकर मागवताना टिकत नाही. देणगीचंही तसंच: गुप्तदान करा आणि आयकराच्या सवलतीची पावतीही घ्या, हे दोन्ही एकदम होत नाही, पावतीला नाव आणि पॅन लागतो.

आणि फोन. काय काय घेतलं त्याचे करारनामे वॉलेटमध्ये साठलेले असतात. बँकेला न कळलेली गोष्ट फोन हातात घेणाऱ्या भावाला दोन टिचक्यांत कळेल. स्क्रीन लॉक लावा, नको ती नोंद पुसा. फोन हरवला आणि बॅकअप नसेल तर नाणी गेली. बसमध्ये पाकीट मारलं गेल्यासारखं. वॉलेटमध्ये तितकेच ठेवा जितके खिशात घेऊन बाजारात जाल.

दुकानदार असाल तर

ग्राहकाचं निनावीपण मोडण्याची सर्वात मोठी ताकद तुमच्या काउंटरवर आहे. बिलावरच्या वर्णनात ग्राहकाचं नाव घालू नका, तिथे ऑर्डरचा नंबर पुरतो. लॉयल्टीसाठी मोबाइल नंबर मागू नका. स्टॅम्प मारायचं साधं कार्ड द्या, दहाव्या चहाला एक फुकट. पार्सल पोचलं आणि परतीची मुदत संपली की पत्ता पुसून टाका. वेबसाइट असेल तर भेट देणाऱ्यांचे आयपी पत्ते किती दिवस साठतात ते ज्याने साइट बनवली त्याला विचारा. बहुतेकांनी हा प्रश्न कधी विचारलेला नसतो.

इथे, आजच्या आज

भारतात टेलर चालत नाही. रिझर्व्ह बँकेच्या ई-रुपयाचा, म्हणजे तिच्या डिजिटल रोखीचा, सामान्य ग्राहकांसाठीचा प्रयोग १ डिसेंबर २०२२ रोजी मुंबई, नवी दिल्ली, बेंगळुरू आणि भुवनेश्वरमध्ये सुरू झाला. नोटा-नाण्यांच्याच मोलाचे टोकन त्यात आहेत. छोट्या रकमांना काहीसं निनावीपण, मोठ्यांचा माग, असा विचार ऑक्टोबर २०२२ च्या संकल्पना टिपणात मांडलेला आहे. पण वॉलेट बँकेकडून घ्यायचं आणि ते मोबाइल नंबराला जोडलेलं, त्यामुळे आंधळ्या सहीसारखी गणिती हमी इथे आहे असं मानू नका. ते वचन धोरणाचं आहे, आणि धोरण बदलता येतं.

मग करायचं काय? पहिल्या पायरीतला कागद काढा.

दुकानदाराला नंबर दिसू नये असं वाटत असेल तर अ‍ॅपच्या सेटिंगमध्ये जाऊन दुसरा यूपीआय आयडी तयार करा, ज्यात मोबाइल नंबर नाही, आणि तो मुख्य करा. बहुतेक अ‍ॅपमध्ये ही सोय आहे. दोन मिनिटांचं काम. नाव तरी दिसतंच, पण व्हॉट्सअ‍ॅपवरच्या खास सवलती थांबतात. माझ्या थांबल्या.

पासबुक वाचणाऱ्यापासून सुटका हवी असेल तर यूपीआय लाइट. त्यात ५,००० रुपयांपर्यंत भरून ठेवता येतात, एका वेळी १,००० रुपयांपर्यंत देता येतात. पासबुकात फक्त लाइटमध्ये पैसे भरल्याची नोंद येते. चहा, वडापाव, रिक्षा, गोळ्या वेगवेगळ्या दिसत नाहीत. व्यवहाराची नोंद यंत्रणेकडे असतेच, आणि दुकानदारापासून लपण्याचा हा मार्ग नव्हे.

ऑनलाइन कार्ड वापरत असाल तर १ ऑक्टोबर २०२२ पासून दुकानदारांना तुमचा पूर्ण कार्ड नंबर साठवता येत नाही, त्याऐवजी टोकन, म्हणजे त्या नंबरच्या जागी वापरायचा बदली आकडा असतो. चोरी टळायला उत्तम. निनावीपणाशी त्याचा संबंध थोडाच.

बँकेपासून लपायला इथे आजही नोटच आहे. डॉक्टर, वकील, समुपदेशक, काही औषधं, कोणाला न सांगता केलेली मदत, यासाठी पाकिटात पाचशे-हजार असू द्या.

बिलाच्या काउंटरवर 'सर, नंबर?' असं विचारतात, तेव्हा द्यायलाच हवा असं काही नाही. ग्राहक व्यवहार मंत्रालयाने मे २०२३ मध्ये दुकानांना कळवलंय की बिलासाठी मोबाइल नंबरचा आग्रह धरू नका. काउंटरवरचा पोरगा म्हणेल, 'सिस्टीम घेत नाही.' रांग मागे वाढत असते, लोक चुळबुळ करतात. मी म्हणतो, 'तुझ्या मॅनेजरला विचार, मी थांबतो.' आजवर प्रत्येक वेळी सिस्टीमने घेतलंय.